खुराडं वाकडं झालंय, मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडच्या एका दादांनी परसात २० कोंबड्यांसाठी ८ बाय ६ फुटांचं खुराडं स्वतःच्या हातानं बांधायला घेतलं. चार कोपऱ्यांना निलगिरीच्या बल्ल्या, वर पत्रा, बाजूंना जाळी. ते लिहितात, 'मावशी, तीन रविवार घातले. पहिल्याच पावसात बल्ल्या कलल्या. पत्र्याचा उतार नेमका दाराकडं आला. दार आत उघडतंय. दुकानदारानं कोंबडी जाळी म्हणून दिलेली जाळी पोरं बोटानं वाकवतात. वरचं एक आडवं लाकूड दीड इंचानं आखूड कापलं गेलं. आणि सगळं उभं झाल्यावर कुणीतरी सांगितलं की लांब बाजू पश्चिमेला नको होती. २० तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, सांगून ठेवल्यात, तीन आठवड्यांत येतील. येणारा-जाणारा हसतो, तिकडं बघायलाही नको वाटतं. सगळं मोडून गवंडी लावू का?'

दादा, मोडू नका. गवंडीही लावू नका. आधी हातातली पक्कड खाली ठेवा, एक बादली पालथी घाला आणि तिच्यावर बसून खुराड्याकडं नुसतं बघा. चहा सोबत असला तर बरं.

तुम्ही सहा चुका लिहिल्यात. त्यातल्या दोन कोंबड्यांच्या जिवावर बेततील, त्या म्हणजे बल्ल्या आणि जाळी. दोन तुम्हाला रोज सकाळी त्रास देतील, दार आणि उतार. पश्चिमेची बाजू फेब्रुवारीपर्यंत थांबू शकते. आणि तो दीड इंच फक्त तुम्हाला दिसतो. पण तुमचा राग सगळ्यांवर सारखाच आहे. वाचताना मला तर वाटलं, सगळ्यात जास्त राग त्या दीड इंचावरच आहे. माझंही असंच व्हायचं. मी औसा तालुक्यातली, पंचवीसेक वर्षं कोंबड्या पाळते, आणि बचत गटाच्या बायकांसोबत आजवर तीसेक खुराडी उभी केली असतील. त्यातलं एकही काटकोनात नाही.

आधी ते आखूड लाकूडच घेऊ, म्हणजे तुमची झोप लागेल. गवंडी सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. दुकानातली जाळी फुटात मिळते, वेल्डर मिलिमीटर सांगतो, आणि आपण घरची माणसं 'हे एवढं' असं हातानं दाखवतो. या गोंधळात चूक झाली नाही तरच नवल. शिवाय तुमच्या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे का बघा. तुटलेला टेप आपण एकच्या आकड्यापासून धरतो आणि शेवटी तो एक इंच वाढवायचा विसरतो. माझा अंदाज, तुमच्या दीड इंचातला एक टेपचा आणि अर्धा घाईचा. उपाय दहा मिनिटांचा. आखूड पडलेल्या टोकाशी फूटभर लांबीची जाड पट्टी बाजूनं लावा, दोन स्क्रू लाकडात, दोन बल्लीत. खिळे नकोत, स्क्रूच. खिळा चुकला की लाकूड चिरतं, स्क्रू चुकला की उलटा फिरवून काढता येतो. ज्याला आपण चुकणार हे माहीत आहे त्यानं स्क्रूच वापरावा.

चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे बघायचंच असेल तर दोन्ही कर्ण सुतळीनं मोजा. सारखे आले तर चौकट सरळ. दोन-तीन इंचांचा फरक आला तर पत्रा एका कडेला थोडा जास्त बाहेर दिसेल, बाकी काही होत नाही. कोंबडी गुण्या लावत नाही.

आता बल्ल्या. ही चूक खरी आहे, आणि ती तुमची कमी, मातीची जास्त. आपली काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात फूटभर खोल रोवलेला खांब म्हणजे दरवर्षी हलणारा दात. तुम्ही खड्डा काढून तीच माती पुन्हा त्यात दाबली असणार. नव्वद टक्के लोक हेच करतात, कारण माती समोरच पडलेली असते. ती लांब टाका.

चारही बल्ल्या एकदम उपटू नका, मग खरंच मोडल्यासारखं होईल. दाराची बाजू सोडून बाकी तिन्ही बाजूंना आधी एकेक तिरपी पट्टी मारा, एका बल्लीच्या पायथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत. चौकोन ढकलला की कलतो, त्यात तिरपी पट्टी बसून त्रिकोण झाला की जागचा हलत नाही. एवढ्यानंच अर्धं काम होईल. मग पावसानं उघडीप दिली आणि जमीन वाफशावर आली की एकेक बल्ली घ्या. वरच्या लाकडाला टेकू द्या, बल्लीभोवती अडीच फूट खोल खणा, त्याआधी मुरूम लागला तर उत्तमच. खड्डा तळाशी थोडा रुंद ठेवा. ओळंबा लावा. ओळंबा नसेल तर सुतळीला नट बांधून सोडा. भोवती दगड आणि मुरूम थराथरानं टाकून पहारीनं ठोका, वरचा अर्धा फूट सिमेंट-खडीनं भरा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पाणी बल्लीशी साचायला नको. बल्ली बाहेर काढलीच तर जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर फासा, वाळवी लांब राहते. एक बल्ली म्हणजे एक सकाळ. चार बल्ल्या, चार सकाळी. संध्याकाळी दिवस मावळताना 'एवढी एक उरकून टाकू' असं म्हणून हात घालू नका. माझ्या बहुतेक चुका सहा ते सात या वेळेतल्या आहेत.

खुराड्याभोवती दोन फूट रुंदीचा मुरमाचा पट्टा टाकलात तर काळ्या मातीची ओल-सुकीची ओढाताण बल्लीपर्यंत कमी पोचते, आणि पावसाळ्यात अंडी गोळा करायला जाताना चप्पल चिखलात राहत नाही.

पत्रा कसा बसवलाय ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी विचारते. पत्रा कशानं धरलाय? दगड ठेवलेत का? आमच्याकडं निम्म्या गोठ्यांवर दगड असतात. मीही ठेवले होते, चांगले पाच-पाच किलोचे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. पाऊस नंतर, आधी वारा. मी ओसरीतच होते. पत्र्याची एक कड फडफडली, एकदा खाली बसली, आणि मग उचलली ती दगडासकटच. दगड दहा फुटांवरच्या नांदेत पडला आणि नांद दुभंगली. बैल त्या वेळी रानात होता म्हणून नांदेवरच भागलं. पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचा हा समजच खोटा. पत्रा उडायचा तो उडतोच, वर दगडही घेऊन जातो.

पत्र्याला हुक-बोल्ट हवेत, डांबरी वायसरसकट, आणि ते पत्र्याच्या उंचवट्यावर. खोलगट भागात भोक पाडलं की पाणी तिथूनच जातं, आणि ते गळतं नेमकं घरट्यावर. तुम्ही खोलगट भागात भोकं पाडली असतील तर पत्रा फेकू नका. भोकावर डांबराची लगदी आणि पत्र्याचा तुकडा बसवा, नवं भोक शेजारच्या उंचवट्यावर पाडा. एवढं करून भागत नाही. पत्रा आडव्या लाकडाला धरलेला आहे, पण ते लाकूड बल्लीला कशानं धरलंय? नुसता वरून खिळा असेल तर वारा पत्रा आणि लाकूड जोडीनं नेईल. लोखंडी पट्टी वाकवून लाकडावरून बल्लीवर दोन्हीकडं उतरवा आणि स्क्रू मारा.

जाळीवर मला जरा जास्त लिहायचंय, आणि ते लिहिताना आजही बरं वाटत नाही.

षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला असते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिचं काम नाही. दुकानदारानं फसवलं असं नाही, तिचं नावच तसं आहे. माझ्या पहिल्या खुराड्याला तीच होती, नवी, चकचकीत. ११ कोंबड्या होत्या. थंडीच्या दिवसांतली पहाट. उठून गेले तर कोंबडा आरवला नव्हता, तिथंच मला कळायला हवं होतं. दार बंद, कडी जागची. आत नऊ कोंबड्या जाळीला लागून पडलेल्या. धडं आत, मुंडकी नाहीत. जाळीच्या भोकांत बाहेरच्या बाजूला पिसं अडकली होती. जे कुणी आलं, उदमांजर असावं, ते आत शिरलंच नव्हतं. बाहेरून फेऱ्या मारून त्यानं कोंबड्यांना घाबरवलं, घाबरून त्या जाळीला चिकटल्या, आणि त्यानं भोक वाकवून मान ओढली. एकेक करून, नऊ वेळा. आणि मी पंधरा पावलांवर झोपलेले.

त्यानंतर महिनाभर मी त्या बाजूला फिरकले नाही. उरलेल्या दोघींना सासूबाईंनी ओसरीत डालग्याखाली झाकलं आणि रोज दाणे टाकले. मला काही बोलल्या नाहीत. एक दिवस त्यांनी डालगं उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, 'ह्या दोघींचं हागणं ओसरीत किती दिवस काढू मी? जा, तुझं खुराडं नीट कर.' झालं. दुसऱ्या दिवशी मी जाळी आणायला औशाला गेले. तुम्ही लिहिलंत की तिकडं बघायलाही नको वाटतं. तुमच्या बाबतीत अजून एकही कोंबडी गेलेली नाही दादा, फक्त लाकडं वाकडी झाली आहेत. हे तुम्हाला कमी लेखायला म्हणत नाही. चूक कोंबड्या यायच्या आधी कळली हे तुमचं नशीब, असं म्हणते.

आता करायचं काय. जुनी जाळी काढू नका, ती राहू द्या. बाहेरून खालच्या भागाला अर्ध्या इंची वेल्ड जाळीचा दुसरा थर द्या. चार फुटी रुंदीचा रोल मिळतो. तुमच्या खुराड्याचा घेर २८ फूट, तेव्हा ३० फूट आणा. अडीच फूट उभी लावा आणि उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवा, तिच्यावर दगड आणि मुरूम टाका. कुत्रं किंवा घूस भिंतीच्या अगदी बुडाशीच उकरते, दीड फूट मागं सरकून उकरायचं तिला सुचत नाही. उकरलं की नखाला जाळी लागते. दुकानात गेज विचारतील तेव्हा लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. मी पहिल्यांदा मोठा आकडा म्हणजे मजबूत समजून उलटंच आणलं होतं. जाळी नुसत्या यू खिळ्यांवर ठेवू नका, वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रू मारा. आणि झोपायची काठी जाळीपासून निदान फूटभर आत घ्या, बाहेरून पंजा पोचायला नको.

मुंगूस हा दिवसाचा चोर, उदमांजर आणि रानमांजर रात्रीचे. म्हणजे दिवसा दार उघडं टाकून रानात गेलात तर पिल्लं आणि अंडी मुंगसाची, रात्री कडी नीट लागली नाही तर कोंबड्या दुसऱ्यांच्या. कुणी सांगेल विष टाका, फासा लावा. ते करू नका. मुंगूस, घोरपड हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विष टाकलं तर पहिल्यांदा आपलंच कुत्रं मरतं.

कडी म्हणजे सुतळी नव्हे, एवढंच सांगते. कडी-कोयंडा आणि त्यात एक खिळा किंवा कुलूप.

जाळी लावून झाली की एक गंमत करा. अमावास्येच्या आसपास, घरातले सगळे दिवे बंद करून, खुराड्यात एक बल्ब लावा आणि बाहेरून चौफेर फिरा. आधी उभ्यानं, मग उकिडवं बसून. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथून काहीतरी आत जाऊ शकतं. दाराखालची फट, पत्रा आणि लाकूड यांच्यामधली नागमोडी पोकळी, बल्लीच्या गोलाईमुळं कोपऱ्यात राहिलेली जागा. या तीन ठिकाणी हमखास दिसतं. वरची पोकळी पूर्ण बुजवू नका, तिथं जाळी लावा. गरम आणि कोंदट हवा तिथूनच बाहेर जाते. खालची फट बोट जाईल एवढीही ठेवू नका. पोरांना सोबत घ्या, त्यांना भोकं शोधायला भारी आवडतं आणि त्यांचे डोळे आपल्यापेक्षा खाली असतात.

दार आणि उतार यांचं पटकन सांगते. दार आत उघडतं हे बिघडलेलं नाही, फक्त खाली तीन-चार इंच भुसा अंथरला की ते अडकणार. बिजागऱ्या काढून उलटं करत बसण्यापेक्षा दाराच्या चौकटीला सहा इंचांची आडवी फळी लावा, उंबऱ्यासारखी, आणि दार तेवढं खालून कापा. भुसा आत राहतो, दार मोकळं फिरतं, फटही जाते. उताराचं पाणी दारात पडतंय तर पत्रा हलवू नका. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा, तारेनं पत्र्याखाली टांगा, एका टोकाला बोटभर उतार द्या. पाणी पिंपात किंवा झाडाला. दोन्ही मिळून एका रविवारचं काम, आणि नंतर येणाऱ्याला वाटेल की तुम्ही हे मुद्दाम असंच केलंय.

पश्चिमेच्या बाजूचं गणित असं. आपल्या भागात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उत्तर-दक्षिण बाजूंना ऊन फारसं लागतच नाही. चटका बसतो तो सकाळी पूर्वेकडून आणि जास्त करून तीननंतर पश्चिमेकडून, तिरपा. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे उन्हाच्या तोंडाला फक्त आखूड बाजू येते. तुमची आठ फुटी बाजू पश्चिमेला आली. चूक आहे, पण आत्ता जून चालू आहे. पावसात ही बाजू तुम्हाला वेगळा त्रास देईल, कारण आपला पाऊसही तिकडूनच झोडपतो. तिथं वरून गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा लावा, पाऊस आला की सोडायचा, गेला की वर. कायमचं बंद करू नका.

आणि आजच्या आज शेवग्याच्या दोन-तीन फांद्या त्या बाजूला पाचेक फुटांवर लावा. शेवगा वर्षभरात पत्र्याच्या वर जातो. पहिल्या उन्हाळ्यात तो पुरणार नाही, तेव्हा पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची ताटी उभी करा. खुराड्यापासून हातभर अंतरावर, चिकटून नाही, मधून हवा खेळली पाहिजे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचा ताप मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतो. पस्तिशीच्या पुढं ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. परभणी-नांदेडकडं मेमध्ये ४२-४३ होतं, त्यात वर तापलेला पत्रा. मार्चमध्ये पत्र्यावर कळीच्या चुन्याचे दोन हात द्या, पावसात धुऊन जातो म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. त्यावर उसाचं पाचट किंवा कडबा पसरून जाळीनं बांधा. पण मग आतल्या बल्बची वायर नीट बघा, जोड उघडा नको. ओलं गोणपाट लटकवतात ते मोकळ्या हवेतच कामाचं. सगळीकडून बंद खुराड्यात ओलं गोणपाट म्हणजे इडलीचं भांडं.

पत्र्याची आठवण निघाली म्हणून सांगते. आमच्या जुन्या घराला माळवद होतं, म्हणजे हातभर मातीचं सपाट छत. सासूबाईंच्या कोंबड्या ओसरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात असत, समोर एक फरशी लावली की झालं खुराडं. त्यांना उन्हाळा कळायचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदांनीच माणसं गाडली. त्यानंतर आमच्या भागात जड छत म्हटलं की पोटात गोळा यायचा. सगळं पत्र्याखाली आलं, माणसंही आणि कोंबड्याही. माझं पहिलं खुराडं भूकंपानंतरच्या तात्पुरत्या शेडच्या जुन्या पत्र्यांचं होतं. त्यामुळं कुणी म्हणालं की जुनं ते चांगलं, माती टाका वर, तर बल्ल्यांवर मातीचं वजन घालू नका. गारव्याचा मोह मलाही होतो.

आतल्या गोष्टींत तुम्ही अजून चुकलेला नाहीत, कारण त्या अजून केल्याच नाहीत. झोपायच्या काठ्या आणि घरटी सुरुवातीला पक्की करू नका. त्या कुठं हव्यात हे तलंगा आल्यावर पंधरा दिवसांत त्याच दाखवतात. एका कोंबडीला साधारण आठ इंच काठी लागते, २० जणींना १३ फुटांच्या पुढं. म्हणजे सात-सात फुटांच्या दोन काठ्या, मध्ये फूटभर अंतर, एकीखाली एक नाही. एकीखाली एक ठेवली तर खालचीवर वरचीची शीट. काठी दोन इंच जाडीची, कडा गुळगुळीत. पाइप नको, घसरतो आणि उन्हात तापतो. आणि काठ्या घरट्यांपेक्षा उंच ठेवा. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते. घरटं उंच राहिलं तर ती त्यात झोपते, त्यात घाण करते आणि सकाळी त्याच घाणीत अंडं घालते. मी एका गटातल्या बाईकडं हे बघितलं होतं, ती बिचारी कोंबड्यांना शिव्या देत होती.

घरट्याला १२ इंच लांब-रुंद खोकं पुरतं, चार-पाच जणींत एक, म्हणजे तुम्हाला चार-पाच. फुटकी घमेली, जुन्या पाट्या चालतात. तेलाचा १५ किलोचा डबा आडवा करून ठेवतात, तो गावरान कोंबडीला होतो, अंगानं मोठ्या जातीला अरुंद. डब्याची कड ठोकून आत वळवा, नाहीतर पाय कापतात. कोपऱ्यात आणि जरा अंधारात ठेवा.

जागा म्हणाल तर ४८ चौरस फूट म्हणजे एकीला सव्वादोन फुटांच्या वर. दिवसा मोकळ्या सोडणार असाल तर भरपूर. पण ही जागा बघून ३५ कोंबड्या आणायचा मोह होईल. नका आणू.

खाली भाताचं तूस आपल्याकडं सहज मिळत नाही. लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं अंथरा. आठवड्यातून दोनदा खालवर करा. मूठभर उचलून दाबा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त झाली, थोडा चुना मिसळा आणि पाण्याचं भांडं गळतंय का बघा, बहुतेक वेळा तेच असतं. वासाची परीक्षा उभ्यानं करू नका. आपलं नाक पाच फुटांवर, कोंबडीचं एका फुटावर. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत उकिडवे बसा. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय. थंडीत लोक प्लास्टिक लावून सगळं बंद करतात, परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो म्हणून दयेपोटी. कोरडी थंडी कोंबडी सोसते, कोंदट ओल नाही. वरची फट हिवाळ्यातही उघडीच हवी, फक्त झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा यायला नको.

तलंगा देणाऱ्याला एक विचारून ठेवा, मानमोडीची (राणीखेतची) लस कधी दिली, कोंबड्यांच्या देवीची दिली का, तारखेसकट. नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जा. खुराड्याची चूक स्क्रू फिरवून निघते, ही निघत नाही. आणि दाणापाणी छपराखालीच ठेवा, कावळे-पारवे त्यात तोंड घालायला नकोत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या गेल्या ते तुमच्याकडं कुणी विसरलं नसेल.

तीन आठवड्यांत हे सगळं होणार नाही, व्हायची गरजही नाही. तिरप्या पट्ट्या, पत्र्याचे हुक आणि खालची जाळी, ही तीन कामं तलंगा यायच्या आत. बल्ल्यांची चार सकाळींची कामं पाऊस देईल तशी. मध्ये वेळ पडला तर तलंगा घेणं आठ-दहा दिवस पुढं ढकला, फोन करायला लाजू नका. अर्धवट खुराड्यात कोंबड्या आणून मग त्यांच्या डोक्यावर हातोडी चालवणं हे मी केलेलं आहे. त्या घाबरून अंडी देणं थांबवतात आणि आपलं कामही धड होत नाही.

हसणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना कामाला लावा. बल्लीला ओळंबा धरायला एक माणूस लागतोच.

बल्ब लावून फिरलात की किती ठिकाणी उजेड दिसला ते कळवा. माझ्या खुराड्यात १४ ठिकाणी दिसला होता. मोजला मात्र मी त्या नऊ जणी गेल्यावर.